करवतीचें बळ आणि माहीमचीं झाडें

मुंबई बेटाचा इतिहास सांगतांना फिरंगी, इंग्रज, भराव, गोदी व गिरण्या असा क्रम आपण नेहमी लावतों. परंतु ज्या हत्यारांनीं या बेटावरचें रान हटलें व त्याच्या जागीं चाळी उभ्या राहिल्या, त्या कुऱ्हाडीस व करवतीस त्या क्रमांत कोठेंच जागा मिळत नाहीं. हत्यार मुकें असतें व तें धरणारा मनुष्य बहुधा निरक्षर असतो, म्हणून असें होत असावें. हल्लीं मात्र माहीम, दादर, परळ या भागांतील गृहसंस्थांच्या बैठकींत, आणि ज्यांच्या वाड्या कोंकणांत आहेत अशा कुटुंबांत, एक प्रश्न वारंवार निघूं लागला आहे. मोठें झाड उतरवावयाचें आहे, तर कोणती यांत्रिक करवत घ्यावी? दुकानदार त्याचें उत्तर अश्वशक्तीच्या आंकड्यानें देतो, आणि गिऱ्हाईकही सर्वांत मोठ्या आंकड्याकडे बोट दाखवून मोकळें होतें. आमच्या मतें हा प्रश्न इतक्या स्वस्तांत सुटणारा नाहीं. करवतीचें बळ झाडाच्या जाडीवरून ठरतें हें खरें. पण तें झाड कोठें पडणार, आणि तें पडण्यापूर्वीं माणसाला विचार करण्यास किती अवधि मिळणार, यांवरूनही तें ठरलें पाहिजे. हें पटण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

माहीमचें नांव महिकावतीशीं जोडण्यांत येतें व तेथील बिंबराजाची कथा वाचकांस ठाऊकच आहे. तथापि सतराव्या शतकांत या किनाऱ्यास लागणाऱ्या परक्याच्या डोळ्यांत प्रथम भरत असत ते येथील माड. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर हा १६७३ सालीं मुंबईस आला. त्याचें प्रवासवर्णन १६९८ सालीं छापून निघालें. त्यांत तो सांगतो कीं, मुंबई व माहीम या गांवांच्या पाठीमागें नारळीचीं बनें आहेत, त्यांच्या छायेंत झाडांची निगा राखणारे भंडारी राहतात, आणि या वाड्या हीच बेटावरील सर्वांत मोठी मिळकत होय. पुढें इंग्रजी कागदपत्रांत या भागास 'माहीम वूड्स' असेंच नांव पडलें. या एका नोंदींत पुष्कळ अर्थ आहे. जें झाड मिळकत असतें तें कोणी पाडीत नाहीं, त्यावर चढतात. भंडाऱ्याच्या कमरेला कोयती असे, ती माडाची पोय कापण्यासाठीं. बुंध्याला ती लावण्याचें त्याला कारणच नव्हतें. सरकारची दृष्टीही तीच होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें माडी काढण्यास परवाना लागूं लागला, आणि ज्या झाडावर कर बसतो तें झाड उभें राहण्यांत कर घेणाराचेंही हित असतें.

माड क्वचित् पाडावा लागेच: वीज पडलेला, भुंग्यानें पोखरलेला, किंवा घरावर झुकलेला. त्याची रीति आजही बदललेली नाहीं. जाणता मनुष्य वर चढून प्रथम झावळ्या उतरवितो, मग शेंडा दोराला बांधून कापतो, आणि त्यानंतर खोडाचे तुकडे एकामागून एक खालीं सोडतो. दोन घरांच्या मधल्या बोळांत साठसत्तर फुटांचा माड आडवा पाडण्यास जागाच कोठें असते? येथें एक गोष्ट नमूद करून ठेवतों. माडाचें खोड उंच असलें तरी जाड नसतें. फूट, सव्वा फूट एवढाच त्याचा व्यास. बाहेरून तें कठीण, आंतून मऊ आणि सर्वांगीं चिवट धाग्यांचें असतें. या धाग्यांनीं करवतीचे दांत पाहतां पाहतां बोथट होतात. म्हणजे माडाला लागतें तें बळ नव्हे, धार लागते. उंच झाडाला 'मोठें' म्हणण्याची जी आपली संवय आहे, तिनें करवत घेणाराची पहिली फसगत होते.

माहीमचीं हीं बनें गेलीं तीं वादळानें नव्हे. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिज्वर शिरला. दाटीवाटीच्या वस्तीस दोष देण्यांत आला, आणि १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढील तीन-चार दशकांत दादर, माटुंगा व माहीम येथें जुन्या वाड्या व शेतें यांच्या जागीं सरळ रस्ते, भूखंड आणि बैठीं किंवा तीन मजली घरें आलीं. १९२५ सालीं लोकांसाठीं खुलें झालेलें 'माहीम पार्क' १९२७ सालीं शिवाजी पार्क झालें, हें त्याच पर्वांतील. नवी वस्ती हवेशीर होती, तिच्या कडेनें नवीं झाडेंही लावण्यांत आलीं, आणि त्यांतील परदेशी वर्षावृक्षांनीं पुढें रस्त्यावर असा मांडव घातला कीं, आजच्या पिढीला तेच येथील मूळचे रहिवासी वाटतात. आम्ही या सुधारणेची निंदा करीत नाहीं. त्या वस्त्यांतच आमच्यापैकीं अनेकांचीं घरें आहेत. पण एवढें खरें कीं, हें परिवर्तन कुऱ्हाडीच्या व हातकरवतीच्या गतीनें झालें. एक वाडी गेली, तेव्हां दुसरी उभी होती. दुसरी गेली, तोंवर पहिलीच्या जागेवरील वर्षावृक्षाला फांद्या फुटल्या होत्या. तडी फुटेपर्यंत लोक आपल्या डोळ्यांनीं पाहूं शकत होते, आणि क्वचित् हरकतही घेऊं शकत होते.

खरोखर अजस्र झाड पाडण्याची विद्या मुंबईला माहीमच्या वाटेनें नव्हे, गोदीच्या वाटेनें कळली. लवजी नसरवानजी वाडिया हा सुतार १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आला व त्याच्या घराण्यानें पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ येथें जहाजें बांधलीं. त्यांतील 'त्रिंकोमाली' ही जमशेटजी बमनजी यानें बांधलेली युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत सोडली गेली व ती अद्यापि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. तिचा साग मलबारचा. हा साग कसा पाडीत, तें पाहण्यासारखें आहे. ओला साग पाण्यांत बुडतो, आणि त्या काळीं ओंडका नदीनें वाहून आणण्याखेरीज दुसरी सोय नव्हती. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोंवतीं सालीचा व बाहेरील ओल्या लांकडाचा पट्टा काढून टाकीत, आणि झाड जागच्या जागीं दोन-तीन वर्षें वाळूं देत. मग कुऱ्हाड. अर्थात् झाडास मृत्युदंड सांगितल्यापासून त्याची अंमलबजावणी होईपर्यंत दोन पावसाळे उलटत.

एवढा संथपणा असूनही साग संपला, हें येथें लपवून चालणार नाहीं. मुंबईच्या गोदीस साग पुरावा म्हणून १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन याला मलबारांत जंगलांचा पहिला कॉन्झर्व्हेटर नेमण्यांत आलें. लोकांच्या तक्रारींमुळें थॉमस मन्रो याच्या कारकीर्दींत १८२३ सालीं ती जागा मोडली. पुढें १८४० नंतर कलेक्टर कॉनली याला निलंबूर येथें साग नव्यानें लावावा लागला, आणि १८४७ सालीं मुंबई इलाख्यानें डॉ. अलेक्झांडर गिब्सन यास आपला वनरक्षक नेमलें. कुऱ्हाडीनेंही रान संपतें. मात्र तें संपत आहे हें कळण्यास आणि त्यावर कांहीं करण्यास एका पिढीचा अवकाश मिळतो. साऱ्या प्रश्नाची मेख याच अवकाशांत आहे, असें आम्हांस वाटतें.

या बाबतींत आपल्याच राजनीतीचा एक दाखला इंग्रजांच्या शंभर वर्षें आधींचा आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रांत, जें १७१५ च्या सुमाराचें मानलें जातें, आरमाराच्या प्रकरणांत लांकडाविषयीं स्पष्ट आज्ञा आहे. सागवानादि वृक्ष लागतील ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावे, कमी पडतील ते परमुलुखांतून विकत आणवावे. आंबा-फणस हींही आरमाराच्या उपयोगाचीं, पण त्यांस हात लावूं नये, कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांनीं होत नसून रयतेनें तीं लेकरांसारखीं वाढविलेलीं असतात. एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बळजबरी सर्वथा करूं नये. हा उतारा शिवछत्रपतींचें पत्र म्हणून छापण्याची जी प्रथा पडली आहे ती बरोबर नाहीं. त्यांची नीति त्यांत उतरली आहे एवढेंच म्हणावें. आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. झाड तोडण्यास लागणारा वेळ आणि झाड वाढण्यास लागलेला वेळ यांची तुलना करून त्यावरून परवानगीचा नियम बसविण्याची बुद्धि या राज्यकर्त्याला झाली होती, आणि त्या वेळीं तर कुऱ्हाडीखेरीज हत्यार नव्हतें!

आतां करवतीकडे वळूं. कुऱ्हाड लांकूड फोडते व ढलप्या उडविते. करवत लांकूड खरवडते व भुसा पाडते. जाड बुंध्याला कुऱ्हाडीनें खांच पाडावयाची म्हणजे ती खांच बुंध्याच्या मानानें रुंद ठेवावी लागते, आणि तेवढें उत्तम लांकूड ढलप्यांत जातें. म्हणून दोन माणसांनीं दोन टोकांस धरून ओढावयाची लांब करवत जंगलांत आली तेव्हां तिच्यामुळें श्रम वांचले त्याहून अधिक लांकूड वांचलें. आमच्याकडे मोठ्या ओंडक्याच्या फळ्या पाडण्यासाठीं आरा होताच. एक मनुष्य वर, एक खालीं, मध्यें ओंडका. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई, आणि मजुरी दोघांस सारखी मिळे! करवतीच्या दांतांची ओळ आपल्या लोकांच्या डोळ्यांत इतकी ठसली कीं विदर्भांतील विणकरांनीं ती लुगड्याच्या कांठावर उतरविली. करवतकांठी हें नांव तेव्हांचें. या करवतीचे दांत आळीपाळीनें डावीउजवीकडे वाकवून ठेवावे लागतात, म्हणजे पडणारी चीर पात्याहून किंचित् रुंद होते व पातें लांकडांत अडकत नाहीं. हा बारकावा लक्षांत ठेवावा, कारण आजच्या महागांतील महाग यंत्रांतही तोच आहे.

साखळीची करवत प्रथम लांकडासाठीं जन्मलीच नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एट्कन व जेम्स जेफ्री या दोन वैद्यांनीं दांतेरी साखळी दोन मुठींनीं ओढून हाड कापण्याची युक्ति काढली. अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटाचा सांधा सोडविण्यासाठीं व सडलेलें हाड काढण्यासाठीं ती होती. १८३० सालीं बर्नहार्ड हाइने या जर्मनानें तिला हातानें फिरवावयाचें चाक जोडलें. यावरून आजच्या यंत्राचा वंश शस्त्रवैद्यांकडून आला असें सांगण्याची जी हौस दिसते ती आम्हांस मान्य नाहीं. कल्पना एक असली म्हणून वंश एक होत नाहीं. लांकडाच्या करवतीचा खरा इतिहास जर्मनींत सुरू होतो. आंद्रेआस स्टिल यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी साखळी-करवत काढली. तिचें वजन ६४ किलो. जंगलांत वीज कोठून असणार? १९२७ सालीं एमिल लेर्प यानें थुरिंगियांतील डोलमार नांवाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून पाहिली, आणि त्या डोंगराचेंच नांव आपल्या यंत्रास दिलें. १९२९ सालीं स्टिलनेंही पेट्रोलचें यंत्र काढलें. ४६ किलो वजन आणि सहा अश्वशक्ति. हीं सर्व यंत्रें दोघांनीं उचलावयाचीं होतीं. म्हणजे बैल बदलला, पण जोडी कायम राहिली.

खरी क्रांति यंत्रानें केलीच नाहीं. ती केली दांतानें. १९४६ सालीं अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत जोसेफ बफर्ड कॉक्स हा लांकूडतोड्या एका खुंटाशीं थबकला. एक जाड अळी तें कठीण लांकूड कुरतडीत बोगदा पाडीत होती. तिचे जबडे डावीउजवीकडे चालत, आणि ती रेषेनें जावो वा आडवी जावो, तिला अडथळा म्हणून होत नसे. कॉक्स यानें त्या जबड्यांच्या घाटाचे दांत साखळीवर बसविले व पुढच्याच वर्षीं, १९४७ सालीं, ती साखळी विकण्यास काढली. जुनी साखळी लांकूड खरवडीत असे. ही तें रंध्याप्रमाणें सोलूं लागली. आज जगांत चालणाऱ्या बहुतेक साखळ्यांचा दांत त्याच वंशाचा आहे. १९५० सालीं एका माणसाला पेलणारी पेट्रोलची करवत आली, आणि १९५९ सालीं स्टिलच्या 'कॉन्ट्रा' नांवाच्या यंत्रानें बारा किलोंत सहा अश्वशक्ति दिली. तीस वर्षांत बळ तेंच राहिलें, वजन एक चतुर्थांशावर आलें, आणि दुसरा मनुष्य घरीं गेला. हा दुसरा मनुष्य घरीं जाणें फार मोठी गोष्ट आहे. दोघांची करवत असे तेव्हां दोघांच्या संमतीवांचून झाड पडत नसे. एकानें हात सोडला कीं काम थांबे. यापुढें त्याची गरज राहिली नाहीं.

आतां गिऱ्हाईकाचा प्रश्न घेऊं. आज सर्वांत बलाढ्य म्हणून जी यंत्रें विकलीं जातात तीं सुमारें १२० घनसेंटिमीटर इंजिनाचीं असतात. स्टिलची एमएस ८८० ही त्यांतली प्रसिद्ध. तिचें इंजिन १२१.६ घनसेंटिमीटरचें, बळ ६.४ किलोवॅट म्हणजे साडेआठ अश्वशक्तींच्या वर, आणि पातें व साखळी वगळतां वजन सुमारें दहा किलो. हुस्कवर्नाची ३१२० हीही त्याच तोलाची. यांना पांच फुटांपर्यंत पातें लागूं शकतें. त्याखालोखाल नव्वद घनसेंटिमीटरच्या आसपासचीं यंत्रें. त्यांचें बळ सातसवासात अश्वशक्तीचें. मग साठ-सत्तर घनसेंटिमीटरचीं, आणि शेवटीं झाडावर चढून एका हाताच्या आधारानें वापरावयाचीं तीन-चार किलोंचीं लहान यंत्रें. या चढत्या भाजणींतून निवड करतांना लोक गृहीत धरतात कीं, चार फूट जाडीच्या बुंध्याला चार फुटांहून लांब पातें हवेंच. तसें नाहीं. दोन्ही बाजूंनीं कापलें तर पात्याच्या जवळजवळ दुप्पट जाडीचें झाड पाडतां येतें. मात्र त्याला कसब हवें. प्रथम पडण्याच्या दिशेस बुंध्याच्या पांचव्या-चौथ्या हिश्शाइतकी खांच घेतात, मग पाठीमागून काप घालतात, आणि दोहोंच्या मध्यें व्यासाच्या सुमारें दहाव्या हिश्शाची एक पट्टी न कापतां ठेवतात. झाड पडतें तें या पट्टीवर, दार बिजागरीवर फिरावें तसें. ही पट्टी जो कापून टाकतो त्याच्या हातीं साडेआठ अश्वशक्ति असल्या काय आणि नसल्या काय, झाड त्याचें ऐकत नाहीं. पाठीमागच्या कापांत पाचर ठोकलेली नसेल तर तेंच झाड मागें बसतें व पातें चिमटून धरतें. मग तें सोडविण्यास दुसरी करवत आणावी लागते.

बळाचीं आणखी दोन देणीं असतात, तीं जाहिरातींत नसतात. पूर्ण वेगांत साखळी सेकंदाला वीस मीटरांहून अधिक धांवते. पात्याच्या नाकाचा वरचा भाग कशावर आदळला कीं सगळें यंत्र उसळी घेऊन चालविणाराच्या तोंडाकडे येतें. त्यासाठीं साखळी थांबविणारा हातरोध १९७० नंतर आला, तो असल्याशिवाय यंत्र घेऊंच नये. दुसरें देणें कंपाचें. वर्षानुवर्षें थरथरणारी मूठ धरून बोटांचा रक्तप्रवाह मंदावतो, बोटें पांढरीं पडतात व त्यांची संवेदना जाते. पाश्चात्य जंगलकामगारांत हा विकार इतका पसरला कीं १९६० नंतरच्या दशकांत मुठीला रबराचे बुडखे देऊन ती इंजिनापासून तोडावी लागली. आवाजाविषयीं लिहावयास नको. कान झांकल्यावांचून हें यंत्र चालवूं नये असें त्याच्या पुस्तिकेंतच असतें. आमच्याकडे कंत्राटदाराचा मजूर कानांत बोळा नाहीं, पायांत बूट नाहीं असा वर्षावृक्षावर चढतो, आणि करवत कोणती घ्यावी याची चर्चा त्याला वगळून खालीं खुर्चींत चालते!

माहीमसारख्या जागीं तर बळाचा प्रश्न बहुधा दुसराच असतो. वर्षावृक्षाचा बुंधा चार-पांच फूट जाड होतो हें खरें, पण तो रस्त्याच्या कडेला, विजेच्या तारेखालीं, दोन इमारतींच्या मध्यें उभा असतो. तो जंगलांतल्याप्रमाणें बुंध्यांतून पाडतांच येत नाहीं. त्याला माडाचाच न्याय लावावा लागतो: वरून खालीं, फांदीमागून फांदी, प्रत्येक फांदी दोराला बांधून. या कामास लागते ती लहान करवत, दोन दोरखंड आणि चार समजूतदार माणसें. बुंधा तेवढा उरल्यावर मोठें यंत्र अर्धा तास भाड्यानें आणलें तरी पुरतें. शिवाय शहरांतल्या झाडाच्या पोटांत काय काय दडलेलें असतें! पाटीचे खिळे, तारा, जुन्या लोखंडी जाळीचे तुकडे, मुळाशीं ओतलेलें सिमेंट. साखळी जेवढी वेगवान्, तेवढा तिचा एका खिळ्यावर नाश अधिक. येथें टोंकदार दांताच्या साखळीपेक्षां गोल कोपऱ्याच्या दांताची साखळी बरी. ती थोडी मंद कापते, पण धुळीच्या सालींत तिची धार टिकते. आणि गोल कानस खिशांत हवी. बोथट साखळीला अश्वशक्ति वाढवून कापावयास लावणें म्हणजे थकलेल्या बैलाला दुसरी पराणी टोंचणें. २०१० नंतरच्या दशकांत पिठ्या ढेकणानें मुंबईंतले पुष्कळ वर्षावृक्ष वठले. त्या वठलेल्या झाडांवर चढणाऱ्यांस मोठें यंत्र उलट घातकच, कारण त्याच्या थरथरीनेंही वाळकी फांदी वरून सुटते.

तर मग महाबलाढ्य करवत कोणासाठीं? ज्याला मोकळ्या रानांत, पडलेल्या वा पाडावयाच्या प्रचंड ओंडक्यांच्या जागेवरच फळ्या पाडावयाच्या आहेत, त्याच्यासाठीं. आणि वादळाच्या दुसऱ्या दिवशीं रस्ता मोकळा करणाऱ्यांसाठीं. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूनें गेलें तेव्हां ताशीं शंभर किलोमीटरांवर वारा सुटला व शहरभर झाडें उन्मळलीं. त्या रात्रीं अग्निशामक दळाच्या माणसांच्या हातीं साखळी-करवती नसत्या, तर रुग्णवाहिकाही अडकून पडल्या असत्या. या यंत्राला शिव्या देणाऱ्यांनीं तो दिवस आठवावा.

पण त्यापूर्वीं दोनच वर्षें त्याच यंत्राचें दुसरें रूप मुंबईनें पाहिलें होतें. माहीमच्या शीतलादेवीचें नांव ज्या स्थानकाला मिळालें आहे त्या भुयारी मेट्रोच्या गाड्या ठेवण्यासाठीं गोरेगांवच्या आरे वसाहतींत जागा घेण्यांत आली. शहरांतलीं झाडें राखण्यासाठीं १९७५ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. त्यांत अर्ज, जाहीर सूचना, हरकती व वृक्षप्राधिकरणाचा निर्णय अशा पायऱ्या आहेत. त्याप्रमाणें २९ ऑगस्ट २०१९ रोजीं प्राधिकरणानें २,१८५ झाडें तोडण्यास व ४६१ हलविण्यास मान्यता दिली. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. शुक्रवार, ४ ऑक्टोबर रोजीं याचिका फेटाळल्या गेल्या, आणि त्याच रात्रीं आरेंत करवती सुरू झाल्या. लोक धांवले, अनेकांस अटक झाली. एका विद्यार्थ्याच्या पत्रावरून सोमवारीं, ७ ऑक्टोबर रोजीं, सर्वोच्च न्यायालयानें जैसे थे ठेवण्यास सांगितलें. तोंवर २,१४१ झाडें पडलीं होतीं. शुक्रवारची रात्र ते सोमवारची सकाळ हे तास साठाच्या आसपास. अखंड काम चाललें असें धरलें तरी तासाला पस्तीसांहून अधिक.

मेट्रो हवी होती कीं नको, आणि गाड्या तेथेंच ठेवावयाच्या होत्या कीं अन्यत्र, या वादांत आम्ही येथें पडत नाहीं. मेट्रोनें प्रवास करणारांत आम्हीही आहों. आमचें म्हणणें हत्याराच्या इतिहासापुरतें आहे. १९७५ चा कायदा लिहिणाऱ्यांच्या मनांत झाड तोडण्यास लागणाऱ्या वेळाची कांहीं एक कल्पना असली पाहिजे. एका न्यायालयाचा निकाल आणि दुसऱ्या न्यायालयाचा दरवाजा यांच्या मधल्या शनिवार-रविवारांत दोन हजार झाडें पडूं शकतील, हें कुऱ्हाडीच्या युगांत कोणाच्या स्वप्नांतही आलें नसतें. तेव्हां सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम तोडीच्या मध्यावर पोंचला असता. २०१९ सालीं तो तोड संपल्यावर पोंचला. हत्यार शतपट वेगवान् झालें, आणि कागद जुन्याच पावलांनीं चालत राहिला. मलबारच्या सागाला जी दोन वर्षें केवळ ओलेपणामुळें मिळत, तीं आजच्या झाडाला कायद्यानें मिळवून द्यावीं लागतील. यंत्र आपण होऊन कोणालाही अवधि देत नाहीं.

२०२१ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती झाली. पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसावृक्ष म्हणण्यांत आलें, आणि एक झाड तोडल्यास त्याच्या वयाच्या आंकड्याइतकीं नवीं झाडें लावण्याची अट पडली. आज्ञापत्रांतील हिशेब, वाढीच्या वेळाचा, तीनशें वर्षांनीं कायद्यांत शिरला म्हणावयाचा. मात्र माहीमच्या माडापुढें हा हिशेबही जरा अडखळतो. आंब्या-सागाप्रमाणें माडाचें खोड वर्षागणिक जाड होत नाहीं, आणि कापल्यावर त्यांत वलयें दिसत नाहींत. त्याचें वय बाहेरून मोजावें लागतें: गळून पडलेल्या प्रत्येक झावळीची एक खूण खोडावर उरते, आणि वर्षाला अशा बारा-चौदा खुणा पडतात. त्या मोजावयाच्या असतील, तर झाड उभें असतांना भंडाऱ्याप्रमाणें वर चढूनच मोजाव्या लागतात.